टपाल्याने कोणाचे ऐकावे?

शाळेच्या कार्यालयात ई-मेल येते. आपण ती उघडतो, वाचतो आणि पुढच्या कामाला लागतो. मध्ये कुठेतरी एक संगणक दिवसरात्र जागा असतो आणि आलेले पत्र ज्याच्या त्याच्या पेटीत टाकतो, एवढे आपल्याला ठाऊक असते. या संगणकाला टपाल-सर्व्हर म्हणतात. त्याचे काम वरवर पाहता पोस्टमनसारखेच आहे.

पण समजा, जुळे सोलापुरातल्या एखाद्या पोस्टमनच्या हाती असे पाकीट आले की ज्यावर पत्त्याच्या जागी लिहिले आहे : ‘पोस्टातली तिजोरी उघडा, आतील कागद बाहेर काढा आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे तसे करा.’ पोस्टमन हसेल आणि पाकीट साहेबांकडे देईल. टपाल-सर्व्हरला हसता येत नाही. त्याला आज्ञा पाळायला शिकवले असेल, तर तो तिजोरी उघडेल. १९८८ साली अमेरिकेत हेच घडले. त्यानंतर टपाल-सर्व्हरने कोणते प्रोग्रॅम चालवावेत आणि कोणते चालवू नयेत, हा प्रश्न संगणकशास्त्रात फार गंभीरपणे घेतला जाऊ लागला. या प्रश्नाचा इतिहास आपण या लेखात पाहू.

टपाल्याच्या हाती प्रोग्रॅम कसे आले?

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवण्याची सोय रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली अर्पानेट या जाळ्यावर केली. पुढील काही वर्षांत अशी निरनिराळी जाळी तयार झाली आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत वेगळी होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत एरिक ऑलमन यांनी ही पत्रे एका जाळ्यातून दुसऱ्यात पोचवणारा ‘डिलिव्हरमेल’ हा प्रोग्रॅम लिहिला. १९७९ साली तो बर्कलेच्या युनिक्स प्रणालीबरोबर बाहेर पडला. ऑगस्ट १९८२ मध्ये पत्रांच्या देवाणघेवाणीचे सामाईक नियम प्रसिद्ध झाले आणि १९८३ मध्ये डिलिव्हरमेलची जागा ऑलमन यांच्याच ‘सेंडमेल’ने घेतली. नंतरची अनेक वर्षे युनिक्सच्या जगात टपाल म्हणजे सेंडमेल, असे समीकरण होते.

पत्र नेहमी पेटीतच पडावे असे नाही, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आले. एखादे प्राध्यापक महिनाभर रजेवर आहेत. त्यांना आलेल्या प्रत्येक पत्राला ‘मी अमुक तारखेपर्यंत बाहेरगावी आहे’ असे उत्तर आपोआप गेले तर किती बरे! त्यासाठी ‘व्हेकेशन’ नावाचा छोटा प्रोग्रॅम होता. एका पत्त्यावर आलेले पत्र पन्नास सभासदांना वाटायचे असेल, तर त्यासाठी दुसरा प्रोग्रॅम. विषयवार पत्रे लावून ठेवण्यासाठी तिसरा. मग सेंडमेलला सांगायचे एवढेच, की हे पत्र पेटीत न टाकता या प्रोग्रॅमच्या हवाली कर.

हे सांगण्याची रीत अगदी सोपी होती. पत्त्याच्या जागी एक उभी रेघ मारायची आणि तिच्यापुढे प्रोग्रॅमचे नाव लिहायचे. सर्व्हरचा व्यवस्थापक हे टोपणनावांच्या यादीत लिहू शके. कोणीही सामान्य वापरणारा स्वतःच्या जागेतील ‘फॉरवर्ड’ या फाइलीत तेच लिहू शके. सेंडमेल ती ओळ उचलून ‘शेल’ला देत असे. शेल म्हणजे माणसाने टंकलेल्या आज्ञा वाचून त्या संगणकाकडून पार पाडून घेणारा दुभाषी प्रोग्रॅम. तो मोठा कष्टाळू आणि आज्ञाधारक. एका ओळीत अर्धविराम देऊन दोन आज्ञा लिहिल्या तर तो दोन्ही पाळतो. दहा लिहिल्या तर दहा.

आता आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. युनिक्समध्ये ‘रूट’ नावाचा सर्वाधिकारी असतो. कोणाचीही फाइल वाचणे, बदलणे, पुसणे हे त्याला शक्य असते. सेंडमेलला बाहेरून येणाऱ्या पत्रांसाठी २५ क्रमांकाच्या दारावर बसावे लागे आणि १०२४ च्या खालच्या क्रमांकाची दारे फक्त रूटलाच उघडता येत. शिवाय प्रत्येकाच्या पेटीत पत्र टाकायचे, तर प्रत्येकाच्या जागेत शिरण्याचा अधिकार हवा. म्हणून सेंडमेल रूटच्या अधिकाराने चालत असे.

म्हणजे जगातील कोणाचेही पत्र स्वीकारणारा, हाती साऱ्या घराच्या किल्ल्या असलेला आणि सांगितलेला प्रोग्रॅम चालवणारा असा हा टपाली होता. या तिन्ही गोष्टी सोयीच्याच होत्या. त्या एकाच ठिकाणी आल्या, हे घातक ठरले.

२ नोव्हेंबर १९८८

कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एक प्रोग्रॅम लिहिला आणि २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी तो एम.आय.टी.मधील एका संगणकावरून जाळ्यात सोडला. हा प्रोग्रॅम स्वतःच्या प्रती काढत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई. दुसऱ्या प्रोग्रॅमला चिकटून पसरतो तो विषाणू. स्वतःच्या पायांनी हिंडते ती ‘वर्म’, म्हणजे कीड. मॉरिसचा प्रोग्रॅम ही कीड होती.

तिच्यापाशी शिरण्याच्या निरनिराळ्या वाटा होत्या. ४३२ शब्दांची यादी घेऊन ती लोकांचे परवलीचे शब्द ओळखून पाही. एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या संगणकांचा ती फायदा घेई. ‘फिंगर’ या माहिती देणाऱ्या सेवेतील एका चुकीतूनही ती आत जाई. आपल्या विषयाशी संबंध आहे तो सेंडमेलच्या वाटेचा.

सेंडमेलमध्ये ‘डीबग’ नावाची एक आज्ञा होती. प्रोग्रॅम तपासताना लिहिणाऱ्याला मदत व्हावी म्हणून ती ठेवलेली होती. ती दिली की पत्र घेणाऱ्याच्या पत्त्याऐवजी थेट आज्ञाच लिहिता येत. तपासणीचे काम संपल्यावर ही सोय बंद व्हायला हवी होती. पण विकल्या गेलेल्या अनेक संगणकांवर ती तशीच उघडी राहिली होती. कीड २५ क्रमांकाच्या दारावर येई, ‘डीबग’ म्हणे आणि पत्त्याच्या जागी अशी आज्ञा लिही, की पत्राचा मथळा काढून टाक आणि उरलेला मजकूर शेलला दे. उरलेल्या मजकुरात सी भाषेतील ९९ ओळींचा एक प्रोग्रॅम आणि तो चालवण्याच्या सूचना असत. शेलने त्या पाळल्या की हा छोटा प्रोग्रॅम उलट जोडणी करून उरलेली कीड आत ओढून घेई.

संगणकावर आधीच एक प्रत असेल तर नव्या प्रतीने सहसा थांबावे, अशी योजना मॉरिसने केली होती. पण सातांतील एक प्रत काहीही झाले तरी चालू राही. त्यामुळे एकेका यंत्रावर प्रतींची गर्दी झाली आणि यंत्रे जागच्या जागी अडली. त्या वेळी जाळ्यात सुमारे ६०,००० संगणक होते आणि त्यांपैकी सुमारे ६,००० यंत्रांना कीड लागली असा अंदाज सांगितला जातो. तो अंदाजच आहे, मोजणी नव्हे. कीड व्हॅक्स आणि सन-३ या दोन प्रकारच्या यंत्रांवरच चालत होती. तिने कोणाच्या फाइली पुसल्या नाहीत, पण प्रयोगशाळांचे काम बंद पडले आणि कितीतरी संस्थांनी आपली जोडणी स्वतःहून तोडली.

बर्कले, एम.आय.टी. आणि पर्ड्यू येथील मंडळींनी रात्रभर बसून कीड उकलली. पर्ड्यूचे यूजीन स्पॅफर्ड यांनी तिचे तपशीलवार विश्लेषण लिहिले. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा प्रसंगी सल्ला देणारे ‘सर्ट’ हे केंद्र स्थापन झाले. मॉरिसला १९९० साली दोषी ठरवून तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक झाला.

त्या वेळी आपल्याकडे

भारतात शैक्षणिक संस्थांचे ‘अर्नेट’ हे जाळे १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सुरू केले होते. सुरुवातीच्या आठ ठिकाणांपैकी दोन मुंबईत होती : राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., आणि पवईची आय.आय.टी. या दोन संस्थांमधील पत्रव्यवहार हा अर्नेटच्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक. एन.सी.एस.टी.चे श्रीनिवासन रमाणी यांचा या कामात मोठा वाटा होता.

ती जोडणी सलग नव्हती. एक संगणक दुसऱ्याला टेलिफोन लावी, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवून देई. मॉरिसची कीड समोरच्या यंत्राशी थेट संवाद करून शिरत असे. साठवून पाठवलेल्या टपालात तिला ‘डीबग’ म्हणण्याची संधीच नसते. असा उशिरा पोचणारा टपाली काही बाबतीत सुरक्षित असतो! मात्र हे सुख तात्पुरते होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही महानगरांत इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, पुढे ते गावोगाव पोचले आणि टपाल-सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकासमोर तोच प्रश्न येऊन उभा राहिला.

नाकारायचे कोणाला, की स्वीकारायचे कोणाला?

डीबगचे दार बंद करणे सोपे होते. ते दुसऱ्या दिवशीच सुरू झाले. पण ‘वाईट वाट सापडली की ती बुजवायची’ हा उपाय कोठवर पुरणार? पत्रातून प्रोग्रॅम चालवण्याची सोय तर जागेवरच होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्टला सेंडमेलबद्दल पुन्हा इशारा द्यावा लागला आणि त्यातही दोष याच सोयीत होता. या वेळी सुचवलेला उपाय मात्र निराळा होता. ऑलमन यांनी त्याच वर्षी ‘स्मर्श’ नावाचे एक शेल लिहिले होते. सेंडमेलचे बंधनातले शेल, असा त्या नावाचा अर्थ.

स्मर्शची योजना मुद्दाम पाहण्याजोगी आहे. सेंडमेलच्या मांडणी-फाइलीत, प्रोग्रॅमला पत्र देताना कोणाला बोलवायचे हे सांगणारी एक ओळ असते. तेथे नेहमीच्या शेलचे नाव काढून स्मर्शचे लिहायचे. स्मर्श फक्त एकाच डिरेक्टरीत ठेवलेले प्रोग्रॅम चालवतो. त्या डिरेक्टरीत काय असावे हे व्यवस्थापक ठरवतो. कोणी प्रोग्रॅमच्या नावाआधी लांबलचक मार्ग लिहिला, तर स्मर्श तो मार्ग छाटून टाकतो आणि उरलेल्या नावाचा प्रोग्रॅम आपल्या डिरेक्टरीत शोधतो. म्हणून ‘माझ्या घरातील व्हेकेशन’ असे सांगितले तरी चालतो तो व्यवस्थापकाने ठेवलेलाच व्हेकेशन. अर्धविराम, डॉलरचे चिन्ह, कंस अशी शेलला नव्या आज्ञा सुचवणारी चिन्हे दिसली की तो सरळ नकार देतो.

त्याच्यासोबतच्या माहितीपत्रकात व्यवस्थापकांना एक ताकीद आहे. लोकांनी कितीही गळ घातली तरी या डिरेक्टरीत कोणतेही शेल, किंवा पर्लसारखा भाषा चालवणारा प्रोग्रॅम ठेवू नका. कारण उघड आहे. ‘पत्राला ठरावीक उत्तर दे’ ही एका कामाची परवानगी झाली. ‘पर्ल चालव’ ही पर्लमध्ये लिहिता येईल अशा प्रत्येक कामाची परवानगी आहे.

यातील विचार नवा नव्हता. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात संरक्षणाची काही तत्त्वे मांडली होती. प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, हे त्यांतील एक. परवानगी दिलेली नसेल तर उत्तर ‘नाही’ असे धरावे, हे दुसरे. म्हणजे किडीच्या तेरा वर्षे आधी ही तत्त्वे छापलेली होती. ज्ञान असणे आणि ते रोजच्या कामात उतरणे यांत किती अंतर पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

जुळे सोलापूर हा शहराच्या दक्षिणेकडील, गृहनिर्माण सोसायट्यांनी भरलेला भाग. सोसायटीच्या फाटकावरील वॉचमनला दोन प्रकारे यादी देता येते. ‘या दहा जणांना आत सोडू नका’ ही पहिली. अकरावा भामटा आला की ती संपली. ‘येथे राहणारे आणि ज्यांच्यासाठी रहिवाशांनी निरोप ठेवला आहे तेवढेच आत’ ही दुसरी. नवा भामटा कोणत्या नावाने येतो हे तिला ठाऊक असण्याची गरज नाही.

पहिल्या यादीचा अनुभव जगाने मे २००० मध्ये घेतला. ‘आय लव्ह यू’ असा मथळा असलेल्या पत्रासोबत एक छोटा प्रोग्रॅम येई. वाचणाऱ्याने त्यावर टिचकी मारली की तो चाले आणि पत्त्यांच्या वहीतील सर्वांना तेच पत्र पाठवी. या वेळी प्रोग्रॅम सर्व्हरवर नव्हे, वाचणाऱ्याच्या यंत्रावर चालला. प्रश्न मात्र तोच होता. त्यानंतर आउटलुक या प्रोग्रॅममध्ये धोक्याच्या जोडपत्रांची यादी घालण्यात आली. धोक्याचे नवे प्रकार निघत गेले, तशी ती यादी पुढेही वाढवावी लागली.

परवानगीची यादी फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवे. एखाद्या विद्यार्थ्याने आपली पत्रे लावण्यासाठी हौसेने प्रोग्रॅम लिहिला, तर तो आपोआप चालणार नाही. त्याला व्यवस्थापकाकडे जावे लागेल, व्यवस्थापकाला तो वाचावा लागेल आणि हो किंवा नाही म्हणावे लागेल. व्यवस्थापक आळशी असेल तर यादी ही नुसती अडवणूक होते. तो भिडस्त असेल तर जो मागेल त्याला हो म्हणतो आणि यादीला अर्थ उरत नाही. यादी जिवंत ठेवायची तर कोणीतरी जबाबदार माणूस लागतो. तो प्रत्येक नाव का आले हे सांगू शकला पाहिजे आणि गरज संपली की ते नाव खोडण्याचे धैर्यही त्याच्यापाशी हवे.

एकच तट पुरत नाही

स्मर्शने सारे प्रश्न सुटले असे झाले नाही. २००२ साली त्याच्यातच खोट सापडली. दोन उभ्या रेघा एकापाठोपाठ लिहिल्या किंवा तिरकी रेघ विशिष्ट तऱ्हेने वापरली, तर त्याच्या तपासणीतून निसटता येत होते. मग यादीचा काय उपयोग, असे कोणी विचारील. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला दुहेरी तट आहे आणि भोवती खंदक आहे. बाहेरचा तट कधी पडणारच नाही अशी खात्री असती, तर आतला कोणी बांधला असता?

टपाल-सर्व्हरचा आतला तट म्हणजे कमी अधिकार. २००१ साली आलेल्या सेंडमेलच्या ८.१२ या आवृत्तीत वापरणाऱ्यांची पत्रे स्वीकारणारा भाग रूटच्या अधिकारावाचून चालू लागला. डॅनियल बर्नस्टाइन यांचा ‘क्यूमेल’ आणि वित्सा वेनेमा यांचा १९९८ मध्ये आलेला ‘पोस्टफिक्स’ यांनी तर टपालाचे काम अनेक छोट्या प्रोग्रॅमांत वाटून टाकले. बाहेरच्याशी बोलणारा वेगळा, पेटीत टाकणारा वेगळा आणि प्रत्येकापाशी आपापल्या कामापुरत्या किल्ल्या. पोस्टफिक्स पत्रातून सांगितलेली आज्ञा रूटच्या अधिकाराने कधीच चालवत नाही. कोणत्या प्रकारच्या यादीतून आलेली आज्ञा ऐकायची, हेही त्याच्या मांडणीत लिहावे लागते. म्हणजे एखादी आज्ञा चुकून पाळली गेली तरी सारे घर लुटले जात नाही.

ही जुनी कहाणी आहे असे वाटत असेल, तर २०१९ साल आठवावे. जून महिन्यात ‘एक्झिम’ या फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या टपाल-सर्व्हरमधील एक दोष क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केला. पत्र घेणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी विशिष्ट मजकूर लिहिला, तर एक्झिम तो आज्ञा समजून चालवत होता आणि तेही रूटच्या अधिकाराने. दोष नसलेली आवृत्ती फेब्रुवारीतच निघाली होती, पण असंख्य सर्व्हरांवर जुनीच चालू होती. डीबगनंतर एकतीस वर्षांनी पत्त्याच्या जागी पुन्हा आज्ञा आली आणि टपाल्याने ती पुन्हा पाळली.

आपल्याकडे अशा प्रसंगी सावध करणारी ‘सर्ट-इन’ ही संस्था जानेवारी २००४ पासून काम करते. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार दंडनीय आहे. हे विद्यार्थ्यांना सांगताना मॉरिसची गोष्ट उपयोगी पडते. नासधूस करण्याचा हेतू नसलेल्या प्रयोगाने किती जणांची कामे अडली, यावर चर्चा चांगली रंगते.

वर्गात करून पाहा

या विषयासाठी संगणक लागत नाही. एका मुलाला टपाली करा. बाकीच्यांनी चिठ्ठ्या लिहून द्याव्यात. चिठ्ठीवर कोणाचे तरी नाव असेल किंवा एखादी आज्ञा असेल.

पहिल्या फेरीत टपाल्याने प्रत्येक आज्ञा पाळावी. दोन मिनिटांत गोंधळ होईल.

दुसऱ्या फेरीत मुलांनीच मनाई असलेल्या कामांची यादी फळ्यावर लिहावी. ‘फळ्यावर लिहायचे नाही’ असे ठरले की कोणीतरी ‘भिंतीवर लिही’ अशी चिठ्ठी देईल. यादी किती लांबते ते मोजा.

तिसऱ्या फेरीत फक्त तीन कामांना परवानगी द्या : चिठ्ठी ज्याची त्याला देणे, ‘बाई रजेवर आहेत’ असे उत्तर देणे आणि यादीतील पाच जणांना प्रत वाटणे. आता गोंधळ घालून दाखवा, असे आव्हान द्या.

शेवटी मुलांना विचारा : ‘मी सांगेन ते कर’ हे चौथे काम या यादीत घातले तर काय होईल? माहितीपत्रकातील ती ताकीद मुले स्वतःच शोधून काढतील.